शेजारच्या खोलीतली द्राक्षं

९ जानेवारी

ताई,

साष्टांग नमस्कार म्हणणार होतो, पण एक अंग सध्या उशांवर चढवून ठेवलंय, तेव्हा उरलेल्या सात अंगांचा गोड मानून घे.

मी नाकतोड्या. तुझा मावसभाऊ. आई गेली तेव्हा भेटलो होतो, त्यानंतर हे आत्ताच. फोन माझ्याबरोबर लिफ्टच्या खड्ड्यात पडला आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त लागलं. सगळे नंबर त्याच्यातच. पाठ एकच गोष्ट निघाली, तुझा पत्ता. लहानपणी सुट्टी संपली की तू मला जबरदस्तीने पत्रं लिहायला लावायचीस ना, त्याची कृपा.

तर झालं असं की लिफ्ट अडकलेली, मी केबिनच्या डोक्यावर उभा. बारा वर्षं तिथेच उभा राहून पोट भरतोय. त्या दिवशी तेल सांडलेलं होतं. एक मजला खाली गेलो, लिफ्टशिवाय. उजव्या नडगीचं हाड मोडलं आणि मोडून थेट बाहेर बघायला आलं. मी पण त्याच्याकडे बघितलं. हाड आपण समजतो तेवढं पांढरं नसतं ग.

खड्ड्यात ग्रीस, माती, उंदरांची घाण, सगळं होतं आणि त्यातलं बरंच पायात गेलं. इथल्या दाढीवाल्या डॉक्टरांनी धुऊन काढलं, बाहेरून सळया ठोकल्या. माझ्या पायाला परांची बांधलीय म्हण. मला म्हणाले, “हाड जुळेल हो, हाडाचं मला टेन्शन नाही. जंतू हाडात शिरले तर मात्र पाय ठेवायचा की नाही ते बघावं लागेल.”

ठेवायचा की नाही! भाडेकरू आहे का तो?

विचारायचं हे होतं. मी कमरेखाली बधिर होतो पण कान शाबूत होते. मध्येच डॉक्टर म्हणाले, “मणी द्या.” आणि पांढरे मणी माझ्या पायात भरले. सलाईनमधून औषध चालूच होतं, मग हे कशाला? तू हाडांच्या हॉस्पिटलात सिस्टर आहेस. इथे विचारलं तर सगळे “बरं वाटेल” एवढंच सांगतात.

तुझा,
नाकतोड्या


१४ जानेवारी

नाकतोड्या,

आधी शिव्या घे. बारा वर्षं त्या डबड्याच्या डोक्यावर उभा राहतोस, पट्टा लावायला काय होतं?

ते मणी आमच्या थिएटरमध्ये मीच करते. प्लास्टरसारखी पांढरी पूड असते, त्यात अँटिबायोटिकची पूड टाकायची, थोडं पाणी, कालवायचं आणि रबरी साच्यात चेपायचं. वाटाण्याएवढे होतात. घट्ट होईपर्यंत सर्जन माझ्याकडे असे बघतात, जणू मी चहाला उशीर करतेय.

सलाईनमधलं औषध रक्तातून जातं. नडगीवर मांस मुळात नावाला, त्यात तुझ्या तिथल्या रक्ताच्या नळ्या चिरडल्यात. म्हणजे औषध गावभर फिरतं आणि जिथे आग लागलीय त्या गल्लीत पोचत नाही. म्हणून ते गल्लीतच नेऊन ठेवायचं. मणी हळूहळू विरघळतात, औषध तिथल्या तिथे सुटत राहतं, बाकी अंगात फारसं जात नाही. सलाईन हवंच, धुणं तर सगळ्यात आधी हवं, हे वरून. पण कवचकुंडलं नाहीत ती, एवढं डोक्यात ठेव. पाय वाचायची शक्यता वाढते. खात्री कुणी देत नाही, मीही देणार नाही.

इकडे सगळं ठीक. हे कामात, पोरगी अभ्यासात, घरात नुसता गोंधळ. खाली माझा नंबर लिहिलाय. वॉर्डातल्या कुणाच्या तरी फोनवरून लाव.

ताई


२० जानेवारी

ताई,

गल्लीचं पटलं. लिफ्ट बंद असली की सामान डोक्यावरून न्यावं लागतं, तसंच.

नंबर मिळाला, पण फोन नाही करणार. बाजूच्या खाटेवरचा रिक्षावाला त्याचा फोन देत होता. मी घेतला, तुझे आकडे दाबले आणि परत दिला. पत्रात मी बरा दिसतो. आवाजात नाही दिसणार. शिवाय इथे सगळे ऐकतात. इथे कुणाचं पोट साफ झालं नाही तरी संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डाला काळजी.

ताई, एक सांगू? हॉस्पिटल मला आवडायला लागलंय. संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांची वेळ असते. रिक्षावाल्याकडे सतरा माणसं येतात. जागा पुरत नाही म्हणून त्यातली दोन-तीन माझ्या खाटेवर टेकतात. लांबून बघणाऱ्याला वाटेल, माझीच आहेत.

पुढच्या आठवड्यात सोडणार. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि हस, हस, इमारतीला लिफ्ट नाही. मनात आलं, तुझ्याकडे चार दिवस आलो असतो तर. म्हणजे अडचण नसेल तर. मी एका कोपऱ्यात पडून राहीन. सळयांचा पाय पसरायला तेवढी जागा लागेल.

नाकतोड्या


२५ जानेवारी

नाकतोड्या,

आला असतास तर आवडलंच असतं रे. पण नेमके यांच्याकडचे पाहुणे आलेत, महिनाभर तरी हलत नाहीत. माणसांवर माणसं पडलीयत. तुझ्या पायाला कुणाचा धक्का लागला तर नसती आफत. तिथेच तुझी नीट सोय होईल, आणि तुझे डॉक्टरही जवळ.

आता लक्ष देऊन वाच. एक, पाय उंचावर. दोन, ड्रेसिंग हॉस्पिटलमध्येच जाऊन करायचं, घरी स्वतः उघडून बघायचं नाही. तीन, ते मणी विरघळताना जखमेतून पाणी येतं. पातळ, जरासं दुधाळ. पट्टी ओली झाली म्हणून घाबरून जाऊ नकोस, ते चालतं. कितीतरी पेशंट त्या पाण्याला पू समजून रडत येतात.

गोळ्या चुकवू नकोस. कंपनीतलं कुणी आहे का बघायला?

ताई


३ फेब्रुवारी

ताई,

घरी आलो. कंपनीतल्या दोघांनी खुर्चीत बसवून वर आणलं. दर मजल्यावर थांबून दोघं मला शिव्या घालत होते, त्यामुळे बरं वाटलं. मग खुर्ची घेऊन गेले. खुर्ची कंपनीची होती.

आता मी, खाट, कुबड्या आणि खिडकी. तुझं पत्र भिंतीला चिकटवलंय, ते तीन नियमांचं. पाणी येतंय, पण तू आधीच सांगितलंस म्हणून निवांत आहे. नाहीतर मी पण रडत गेलो असतो. ड्रेसिंगला जातो, काळजी करू नकोस.

खाण्याची सोय ऐक. खालचा दुकानदार टोपलीत ब्रेड, दूध, अंडी ठेवतो. मी खिडकीतून दोरी ओढतो. वर एक कप्पी बसवली, जुनीच पडली होती. अख्खं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करत गेलं, शेवटी स्वतःच लिफ्ट झालो.

शेजारी एक म्हातारा राहतो. चष्म्याचं दुकान होतं त्याचं, आता बंद. एकटाच. तिरसट नंबर एक. माझ्या कुबडीचा आवाज झाला की भिंतीवर काठी ठोकतो. मी परत कुबडी ठोकतो. दिवसभरात माझं बोलणं झालंच तर एवढंच.

तुझ्याकडचा गोंधळ ऐकून हेवा वाटला हं. पाहुण्यांना सांग, माझ्या वाटचं भांडा.

नाकतोड्या


८ फेब्रुवारी

नाकतोड्या,

घाईत आहे. मला नीट उत्तरं दे, विनोद नकोत. पाणी अजून येतंय? किती? रंग? ताप? दुखणं कमी होतंय की वाढतंय? ड्रेसिंग करणारी सिस्टर काय म्हणाली?

ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

परीक्षा घेतेस होय. घे.

पाणी: येतंय, तू म्हणालीस तसंच. जरा वाढलंय. म्हणजे मणी जोरात विरघळतायत, बरोबर ना? रंग: पट्टीवर हिरवट-निळा डाग आहे, मोरपिसासारखा. औषधाचाच असणार. ताप: अंग जरा कोमट असतं, ही खोली पश्चिमेला आहे. दुखणं: आहे, पण ते पायाचं आहे का या खोलीचं, कळत नाही. सिस्टर: काही म्हणाली नाही.

आता माझं ऐक. या म्हाताऱ्याने मला वेड लावायचं ठरवलंय. चार-पाच दिवस झाले, त्याने द्राक्षं आणलीयत. वास येतो ना. पिकलेल्या, गोड, जरा उतरायला लागलेल्या द्राक्षांचा. भिंतीतून येतो. दुपारी खिडकी बंद केली की जास्तच. पेटीच्या पेटी आणली असणार, आणि माणूस एकटा! एक घड देऊन बघ ना कुणाला. सडली तरी चालतील पण देणार नाही. आठवडा झाला मी जिना बघितला नाही, माणसाचं तोंड बघितलं नाही, आणि हा भिंतीपलीकडे बसून द्राक्षं खातोय. काल राग येऊन भिंतीवर कुबडी आपटली तर त्याने दुप्पट जोरात काठी आपटली. वर हाच चिडतो!

तू म्हणशील, तिशी उलटली आणि द्राक्षांवरून रडतोस. द्राक्षांवरून नाही ग.

नाकतोड्या


१७ फेब्रुवारी

ही चिठ्ठी तुझ्या गावाच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. तो तुझ्या हातात देईल, कबूल केलंय. पुढच्या बसने मी निघतेय. पण माझी वाट बघू नकोस.

शेजाऱ्याकडे द्राक्षं नाहीत.

तो वास तुझ्या पायाचा आहे. एक जंतू असतो, त्याचा पू हिरवट-निळा असतो आणि वास असाच येतो, गोड, द्राक्षांसारखा. आमच्या वॉर्डात ड्रेसिंगची खोली उघडली की दारातूनच ओळखू येतो.

मी पाणी चालतं म्हणाले होते. असं पाणी नाही. ते पातळ आणि दुधाळ असतं, वास नसतो, आणि दिवसेंदिवस कमी होतं. हे मी तुला लिहायला हवं होतं.

आणि आठवडाभर जिना बघितला नाहीस तर ड्रेसिंग कोण करतंय? आता खोटं बोलायला वेळ नाही, म्हणून उत्तर देऊ नकोस.

पट्टी सोडू नकोस, वरून काही टाकू नकोस, काही खाऊ-पिऊ नकोस, ऑपरेशन लागेल. आत्ता उठ, म्हाताऱ्याचं दार वाजव. भिंत नाही, दार. त्याला सांग, मला खाली न्या, हॉस्पिटलमध्ये न्या. तिरसट असू दे. दोन पाय आहेत त्याला.

ताई


२ मार्च

ताई,

तू गेलीस त्याला आठवडा झाला. म्हटलं, आता पुन्हा पत्रच बरं. तोंडावर काहीच बोलणं झालं नाही आपलं. चार दिवस तू माझ्या खाटेशी बसलीस आणि आपण सलाईनच्या थेंबांवर बोललो.

आधी बातमी. पाय आहे. दाढीवाले आज म्हणाले, दुसऱ्यांदा उघडून धुतल्यावर जे नमुने घेतले ते स्वच्छ आलेत. मेलेलं थोडं हाड काढलंय, तेवढी जागा भरायला वेळ लागेल. “अजून सहा महिने मी हातचं राखून बोलणार,” असं म्हणाले, पण दाढीत हसले. पहिल्या मण्यांनी त्यांचं काम केलं म्हणे. त्यांच्यातलं औषध ज्या जंतूंवर चालतं त्यातला एकही सापडला नाही. हा हिरवा दुसऱ्याच जातीचा, त्याला ते औषध लागूच नाही. आता नव्या मण्यांत दुसरं औषध आहे. मी दोन आठवडे उशीर केला नसता तर हा हिरवा हाडापर्यंत गेलाच नसता, हेही म्हणाले. तुला सांगायचं नव्हतं, पण आता मी सगळं सांगायचं ठरवलंय.

तर सगळं सांगतो. ड्रेसिंगला मी दोनदाच गेलो. दुसऱ्यांदा परत येताना दुसऱ्या मजल्यावर बसलो तो तासभर बसूनच राहिलो. जिन्यावरून एकही माणूस गेलं नाही. मग पट्टी मीच बदलायला लागलो. डाग दिसला की भिंतीवरचं तुझं पत्र वाचायचो. “घाबरून जाऊ नकोस, ते चालतं.” ताईने लिहिलंय म्हटल्यावर झालं. मला कळत नव्हतं असं नाही ग. मला ते वाक्य हवं होतं.

आता चष्मेवाल्या आजोबांचं. तुझी चिठ्ठी वाचली आणि दार वाजवलं. उघडलं, मी तोंड उघडायच्या आत म्हातारा काय म्हणाला माहितीये?

“संपली वाटतं द्राक्षं? तेव्हा आठवण झाली शेजाऱ्याची!”

ताई, त्याला वाटत होतं द्राक्षं माझ्याकडे आहेत! तो रोज खिडकीतून बघायचा, माझी टोपली वर जातेय. त्याला वाटलं पोरगा दोरीने पेट्या चढवतोय आणि दार लावून एकटा खातोय. म्हणून काठी आपटायचा. मी विचारलं, आधी पण आपटायचात, ते? तर म्हणाला, “ते वेगळं. ते तू आवाज करतोस म्हणून.” माणूस तिरसटच आहे, त्यात गैरसमज नाही.

पण त्याने मला पाठीवर टाकून खाली आणलं. सत्तरी उलटलेला माणूस! दर मजल्यावर थांबून तो पण शिव्या घालत होता. काल भेटीच्या वेळी आला, खाटेवर टेकला. हातात पिशवी. द्राक्षं. मी एक तोंडात घातलं आणि मला जमेना. वास तोच. त्याने बघितलं, पिशवी मांडीवर घेऊन एकेक करत सगळी स्वतः खाल्ली.

आता एक विचारतो. रागावू नकोस. तू इथे चार दिवस होतीस. फोन तुझ्या मांडीवर होता, उलटा ठेवलेला. घरात माणसांवर माणसं, यांच्याकडचे पाहुणे, पोरगी.

चार दिवसांत तो एकदाही वाजला नाही, ताई.

नाकतोड्या


७ मार्च

नाकतोड्या,

पाहुणे नव्हते.

हे दोन वर्षांपूर्वी वेगळे राहायला गेले. भांडण नाही, कुणी दुसरी नाही, सांगण्यासारखं काहीच नाही, म्हणून सांगितलं नाही. पोरगी हॉस्टेलला असते. ती रविवारी फोन करते. मी तुझ्याकडे होते ते सोमवार ते गुरुवार, म्हणून नाही वाजला.

“चार दिवस येऊ का” असं तुझं पत्र आलं तेव्हा मी ते हातात घेऊन घरभर बघितलं. घर स्वच्छ आहे रे. फारच स्वच्छ आहे. खुर्च्या कालच्या जागेवरून हललेल्या नसतात. तू दारात आला असतास आणि तुला एका नजरेत कळलं असतं. म्हणून मी पत्रात माणसं भरली. तुझ्या पायात मणी भरले, मी घरात पाहुणे भरले. आणि तुला तीन मजले चढायला पाठवलं. चढताना तू कुठल्या मजल्यावर बसला होतास ते आता मला माहितीये. नको होतं माहीत.

हे लिहून झालं. आता कामाचं.

हॉस्पिटलने सोडलं की तू इकडे येतोयस. विचारत नाहीये. तुझ्या दाढीवाल्यांशी मी बोललेय, कागदपत्रं आमच्या सर्जनकडे पाठवतायत. घर तळमजल्यावर आहे, एक पायरी, तिथे फळी टाकून घेतलीय. आतली खोली रिकामी आहे, पाय कसाही पसर. ड्रेसिंग मी करणार. पट्टीवर काय दिसतंय ते मी बघणार, तू सांगायचं नाहीस. तुझ्या सांगण्यावर माझा विश्वास नाही आणि माझ्या लिहिण्यावर तू ठेवू नकोस.

आणि हो, आमच्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसलीय. सात-आठ महिने झाले. मला लागत नाही म्हणून मी कधी कुणाला बोलले नाही, कोण राहतं वर तेही मला धड माहीत नाही. आता मी दुरुस्त करणाऱ्याला बोलावते, तू दारात खुर्ची टाकून बस आणि त्याला शिव्या घाल. आपोआप सगळे खाली येतील, ओळखी होतील. तू हात लावायचा नाहीस. परत त्या डबड्यावर चढलास तर दुसरा पाय मी स्वतः मोडेन.

चष्मेवाल्यांना माझा नमस्कार सांग. म्हणावं, पाठीची क्ष-किरण तपासणी करून घ्या, फुकटात करून देते.

कधी निघणार ते कळव. पत्र नको. वॉर्डातल्या कुणाचा फोन घे, आकडे दाब आणि या वेळी परत देऊ नकोस. आवाज कसाही असू दे. माझाही फार बरा नसतो.

रविवार सोडून कुठल्याही दिवशी वाजव.

ताई